सामायिक फंडातून क्रिप्टोचा प्रचार करणारे स्वयंसेवक आणि हिशेब : किती मागावा, कसा मागावा?

चांदणी७

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. मी एका क्रिप्टो प्रकल्पात मत देणारी साधी सभासद आहे, प्रकल्पाचं नाव मुद्दाम घेत नाही कारण त्या माणसांशी माझं भांडण नाहीये. सामायिक फंड आहे, कोणीही प्रस्ताव टाकायचा, नाणी असणाऱ्यांनी मत द्यायचं, पास झाला की पैसे थेट प्रस्ताववाल्याच्या वॉलेटमध्ये (नाणी ठेवायचं डिजिटल पाकीट). गेल्या वर्षी एका स्वयंसेवक टीमने प्रचारासाठी पैसे मागितले. स्टॉल, बॅनर, टी-शर्ट, ओळख करून देणारे कार्यक्रम, नवीन माणसांना थोडी थोडी नाणी वाटणं असं सगळं. मी स्वतः हो म्हणून मत दिलं होतं हे आधीच सांगते.

कामही झालं, नाही असं नाही. पण सहा महिन्यांनी हिशेब विचारला तर आले ४० फोटो आणि चार ओळी, की उत्तम प्रतिसाद मिळाला, शेकडो लोकांपर्यंत पोचलो. खर्चाचा तक्ता मागितला तर म्हणे सगळं चेनवर (नाण्यांचे व्यवहार नोंदवणारी सामायिक वही) आहे, बघून घ्या. आता चेनवर मला काय दिसतं, तर या वॉलेटमधून या तारखेला एवढी नाणी एक्स्चेंजवर (नाणी विकायच्या बाजारात) गेली, बस. तिथून पुढे बॅनर छापला का, छापला तर कितीला, उरले किती, हे चेन कुठून सांगणार? पैसे गेले एवढं दिसतं, कशाला गेले ते दिसत नाही.

परत विचारलं तेव्हा उत्तर आलं, आम्ही फुकट राबतो आणि तुम्ही घरबसल्या संशय घेता. ते मला लागलं, खरंच लागलं, कारण ते राबलेत हे मला माहितीये. म्हणून इथे विचारतेय. फुकट काम करणाऱ्याकडे हिशेब मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं आहे का? आणि नसेल तर नेमकं काय मागायचं?

निवांत

रक्कम किती होती ते सांगा ना. छोटी असेल तर सोडून द्या असं माझं मत. मोठ्या ठिकाणी काय चालतं ते बघा, पोल्काडॉट या क्रिप्टो प्रकल्पाच्या खजिन्यातून २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत ८.७ कोटी डॉलर खर्च झाले आणि त्यातले ३.७ कोटींच्या आसपास नुसते प्रचारावर. स्पॉन्सरशिप, जाहिराती, इन्फ्लुएन्सर. त्याच्यापुढे चार टी-शर्टचं काय घेऊन बसलात.

चांदणी७

@निवांत, पण ते आपल्याला कळलं कसं? कारण कोणीतरी बसून सगळ्या खर्चाची वर्गवारी करून अहवाल छापला, मग लोकांनी आकडा बघितला आणि आरडाओरडा झाला. माझी तक्रार आकडा मोठा की छोटा ही नाहीच, आकडाच नाही ही आहे.

भटक्या_नोड

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. तीन वर्षं प्रचाराचं काम केलंय, वेगळ्या नाण्यासाठी, पण पद्धत हीच. स्टॉलवर उभं राहून राहून पाय सुजतात, शंभरातल्या नव्वद माणसांना हे सगळं फसवणूकच वाटतं, त्यांचं ऐकून घ्यायचं, मग रात्री घरी येऊन बघायचं तर कोणीतरी विचारलेलं असतं की बॅनर एवढा महाग का पडला. ज्याने आयुष्यात एक बॅनर छापून घेतला नाही तो विचारतो. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि वर भाकरी करपली म्हणून शिव्या खायच्या, असं आमचं होतं.

चांदणी ताई, तुमचा सूर चांगला आहे म्हणून तुमच्याशी बोलतोय. पण तुम्ही विचार करा, प्रस्ताव पास करताना हिशेबाचा नमुना कोणी दिला होता का? आमच्या वेळी नव्हता दिला. पैसे आले, कामं केली, आणि वर्षभराने म्हणतात पावत्या कुठायत. अर्ध्या ठिकाणी पावती मिळतच नाही. खेळ संपल्यावर नियम सांगायचे हा अन्याय आहे.

काजवा

+१ भटक्या. आमच्या टीममधले दोघं याच कारणाने सोडून गेले. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते, कारण जो खरंच पैसे खातो त्याच्याकडे कागदपत्रं एकदम टापटीप असतात.

जमाखर्च

वीस वर्षं सेवाभावी संस्थांचे हिशेब तपासतोय, क्रिप्टोत नवखा आहे पण हा विषय माझ्या ओळखीचा आहे म्हणून लिहितो. भटक्या_नोड यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, हिशेबाचा नमुना पैशाच्या आधी द्यायचा असतो, नंतर नाही. पण त्यांनी काढलेला अर्थ मला पटत नाही.

हिशेब हा स्वयंसेवकाच्या संरक्षणासाठी असतो हो. मी अशी माणसं पाहिलीत ज्यांनी एक पैसा खाल्ला नाही, उलट स्वतःच्या खिशातले घातले, आणि चार वर्षांनी त्यांच्याविषयी कुजबुज सुरू झाली तेव्हा दाखवायला हातात काही नव्हतं. फुकट काम करणं हा तुमच्या वेळेचा त्याग आहे, त्याबद्दल हात जोडतो. पण पैसे तुमचे नव्हते. वेळ तुमचा, पैसा सगळ्यांचा, ह्या दोन गोष्टींची गल्लत झाली की भांडण ठरलेलंच.

पावती मिळत नाही त्यालाही जुना उपाय आहे. खर्च केला त्याच दिवशी स्वतःच्या हाताने व्हाउचर लिहायचं, तारीख, कशासाठी, किती, कोणाला दिले, आणि सोबत असलेल्या दुसऱ्या माणसाची सही. बस. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेला तक्ता आणि त्याच संध्याकाळी लिहिलेली चिठ्ठी यात जमीनअस्मानाचा फरक असतो, तपासणाऱ्याला तो पहिल्या पानावर कळतो.

शून्य_एक

मी कोड लिहिते, हिशेबातलं कळत नाही, पण वेगवेगळ्या प्रकल्पांनी काय काय करून पाहिलंय ते सांगते कारण या वाटेने बरेच जण आधी गेलेत.

डॅश नावाच्या नाण्यात २०१५ पासून खजिना, म्हणजे असाच सामायिक फंड, आहे. ब्लॉकच्या कमाईतले (व्यवहारांच्या प्रत्येक गठ्ठ्यामागे निघणारी नवी नाणी) १० टक्के त्यात जायचे (वाटणी नंतर बदलली), १००० डॅश अडकवून मास्टरनोड (नेटवर्क चालवणारा खास संगणक) चालवणाऱ्यांनी मत द्यायचं, 'हो' मधून 'नाही' वजा करून उरलेली मतं एकूण नोडच्या १० टक्क्यांवर गेली पाहिजेत, आणि महिन्यातून एकदा पैसे आपोआप सुटतात. प्रस्ताव टाकायलाच सुरुवातीला ५ डॅश फी होती, ती परत मिळत नाही, म्हणजे उगाच टाकणारा गळतो. पण पैसे सुटले की सुटले, नेटवर्क ते परत ओढू शकत नाही. म्हणून तिथे डॅश वॉच नावाचा गट उभा राहिला, मंजूर झालेल्या प्रस्तावांच्या मागे लागून अहवाल काढायचा, आणि तोही खजिन्याच्याच पैशावर चालायचा.

मोनेरो या नाण्यात उलटं आहे. तिथे लोक वर्गणी काढतात, आणि कामाचे टप्पे आधीच लिहून द्यायचे, टप्पा झाला की तेवढेच पैसे मिळतात. मला ही पद्धत फार आवडते. पण तिथेही सप्टेंबर २०२३ ला वर्गणीचं वॉलेटच रिकामं झालं, २,६७५.७३ मोनेरो, आणि लोकांना कळलं दोन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, त्या वेळच्या भावाने साधारण ४ लाख ६० हजार डॉलर. वॉलेट उघडायची गुप्त किल्ली दोनच जणांकडे होती. म्हणजे खर्च करणाऱ्यावर लक्ष ठेवलं तरी पैसे सांभाळणाऱ्यावरही ठेवायला लागतं. चांदणी, तुमच्या टीमचं वॉलेट मल्टिसिग (पैसे काढायला एकाहून जास्त जणांच्या सह्या लागणारं) होतं की एकाच माणसाचं?

चांदणी७

एकाच माणसाचं. आणि मला आत्ता तुमचा प्रतिसाद वाचून जाणवतंय की मी मत देताना हे विचारलंच नव्हतं.

भटक्या_नोड

आमचंही एकाचंच होतं, माझंच. खरं सांगतो, माझ्या स्वतःच्या नाण्यांचंही तेच वॉलेट होतं. तेव्हा वेगळं करावं हे डोक्यातच आलं नाही. चोरी नाही केली, पण आज कोणी म्हणालं की यातलं तुझं कुठलं आणि फंडाचं कुठलं तर मलाच नीट सांगता येणार नाही.

जमाखर्च

हे मोकळेपणाने लिहिलंत, आभार. एक कार्यक्रम एक वॉलेट असं केलं तर निम्मी डोकेदुखी तिथेच संपते, आणि ते उघडायला खर्चही नाही ना क्रिप्टोत? आमच्याकडे बँकेत वेगळं खातं काढायचं म्हणजे चार फेऱ्या मारायला लागतात.

आता माझा एक प्रश्न, अज्ञानातून आलाय. नाणं मंजुरीच्या दिवशी एका भावाचं, खर्चाच्या दिवशी दुसऱ्याच भावाचं. मग जमेच्या बाजूला कुठला आकडा धरता?

शून्य_एक

हाच सगळ्यात अवघड भाग आहे आणि भांडणं सगळ्यात जास्त इथेच होतात. समजा १०० नाणी मंजूर झाली, त्या दिवशी एका नाण्याचे १० डॉलर, म्हणजे १००० डॉलरचं काम. पैसे हातात येईपर्यंत भाव ६ वर आला, म्हणजे ६०० डॉलर. टीमने ४०० स्वतःचे घालायचे की काम कापायचं? आणि भाव २० वर गेला तर वरचे १००० कोणाचे? मी पाहिलेल्या बऱ्याच प्रस्तावांत यावर एक अक्षर लिहिलेलं नसतं, आणि मग भाव पडला की टीम म्हणते फंडाने भरून द्या, चढला की कोणी काही बोलत नाही.

माझ्या मते प्रस्तावातच लिहायला हवं की पैसे आल्या दिवशी गरजेपुरते लगेच स्टेबलकॉइनमध्ये (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेलं नाणं) बदलणार, त्या व्यवहाराचा हॅश (चेनवरचा नोंद क्रमांक) देणार, आणि उरलं ते परत जाणार. हाइव्ह नावाच्या प्रकल्पात हा त्रास कमी आहे कारण तिथल्या फंडातून डॉलरशी बांधलेलं नाणं मिळतं, तेही एकरकमी नाही तर तासातासाला थोडं थोडं. आणि मत कधीही काढून घेता येतं, पाठिंबा ठरलेल्या रेषेखाली गेला की त्याच तासापासून पैसे बंद. काम नीट चाललं नाही तर नळ बंद करता येतो, गेलेल्या पाण्यामागे धावायला लागत नाही.

निवांत

पण मग मोठ्या नाणेवाल्याच्या मनात आलं की कोणाचंही काम बंद? मत नाण्याच्या वजनावर असतं तिथे. एका माणसाचा राग आला की स्वयंसेवक संपला.

शून्य_एक

हो, ती भीती खोटी नाही. माझ्याकडे त्याचं चांगलं उत्तर नाही. फक्त एवढं म्हणेन की तक्ता छापलेला असला तर राग आलेल्यालाही कारण द्यावं लागतं.

काजवा

सगळा दोष प्रस्ताववाल्यांवर चाललाय म्हणून थोडं मतदारांबद्दल. २०१८ मध्ये व्हर्ज नावाच्या नाण्याच्या लोकांनी एका भागीदारीसाठी ७.५ कोटी नाणी गोळा करायला घेतली, भागीदार कोण ते न सांगता! आणि लोकांनी दिली. नंतर कळलं ती प्रौढांसाठीची व्हिडिओ साइट. कोणासाठी देतोय हे न विचारता देणारे नंतर हिशेब कुठल्या तोंडाने मागणार?

उलट उदाहरण डोजकॉइनचं. २०१४ मध्ये लोकांनी वर्गणी काढून साधारण ५५ हजार डॉलर जमवले आणि नासकार या अमेरिकन मोटार शर्यतीतल्या एका गाडीवर आपलं चित्र लावून घेतलं. ठरलं ते झालं, गाडी टीव्हीवर सगळ्यांना दिसली. त्यातून नाणं वापरणारे किती वाढले ते देव जाणे, पण पैसे कशाला मागितले आणि कशाला गेले हे शेंबडं पोरगंही सांगू शकलं असतं.

चांदणी७

काजवा, तुमचं बरोबर आहे, मी स्वतः त्या न विचारणाऱ्यांत होते. पण म्हणून मागण्याचा हक्क जातो असं मला नाही वाटत. उशिरा विचारलं हा दोष, विचारलं हा नाही.

आणि तुम्ही जे म्हणालात ना, वापरणारे किती वाढले ते देव जाणे, तिथेच माझं खरं दुखणं आहे. खर्चाचा हिशेब एक वेळ जमेल, जमाखर्च सरांनी सांगितल्यासारखा. कामाचा हिशेब कसा द्यायचा? "शेकडो लोकांपर्यंत पोचलो" हे मोजायचं कशाने?

भटक्या_नोड

यावर मी बोलू शकतो कारण यात मी सगळं चुकत चुकत शिकलोय. व्ह्यूज, लाइक्स, फॉलोअर हे अहवालात लिहूच नका, ते विकत मिळतात. पैसे देऊन एखाद्या प्रसिद्ध माणसाकडून पोस्ट करून घेणं तर त्याहून वाईट, तेही पैसे घेतले हे लपवून. अमेरिकेत २०२२ मध्ये टीव्ही स्टार किम कार्दशियनने एका टोकनच्या पोस्टसाठी अडीच लाख डॉलर घेतले होते ते सांगितलं नाही म्हणून तिला १२.६ लाख डॉलर भरायला लागले. फंडाच्या पैशाने असं काही करायचं असेल तर पोस्टमध्येच ठळक लिहा की ही जाहिरात आहे.

मोजायचं काय? आम्ही दुकानदारांना नाणं घ्यायला तयार करायचो. अहवालात लिहायचो २५ दुकानं जोडली. तीन महिन्यांनी मी एकटाच फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी नाण्यात पैसे द्यायला बघितलं तर ६ ठिकाणी घेतले. बाकीच्यांचा फोन बदलला, पासवर्ड विसरला, किंवा स्टिकर दारावर आहे पण काउंटरवरच्या पोराला माहीतच नाही हे काय आहे. तो ६ चा आकडा मी कधीच छापला नाही. भीती वाटली की पुढचा प्रस्ताव पडेल. आता वाटतं तो ६ चाच आकडा कामाचा होता, कारण काय चुकतंय ते त्यातून कळत होतं, म्हणजे काउंटरवरच्या माणसाला शिकवायला हवं, मालकाला नाही.

जमाखर्च

हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे.

आणि मतदारांनी हे वाचावं अशी विनंती. २५ म्हणणाऱ्याला पैसे द्याल आणि ६ म्हणणाऱ्याला पाडाल तर पुढच्या वेळी सगळेच २५ म्हणतील. अपयश लिहिणाऱ्याला पुन्हा पैसे मिळतात हे दिसल्याशिवाय खरा अहवाल कधीच येणार नाही.

शून्य_एक

नाणी वाटण्याचं मोजणं त्यामानाने सोपं आहे. कागदी वॉलेट छापून वाटली असतील (कार्डावर किल्ली, आत थोडी नाणी) तर त्या पत्त्यांची यादी टीमकडे असते. ती जाहीर केली की कोणीही चेनवर बघून सांगेल किती जणांनी नाणी उचलली, किती तशीच पडून आहेत. पत्ते लपलेले नसतील अशा नाण्यात अर्थात, मोनेरोसारख्यात हे असं बाहेरून दिसत नाही.

पण एक धोका सांगते. ज्याने कार्डं छापली त्याच्याकडे सगळ्या किल्ल्यांची प्रत राहू शकते. लोक विसरले की वर्षाने तो गुपचूप उचलू शकतो, आणि चेनवर ते "लोकांनी वापरलं" असंच दिसेल! भटक्या, तुम्ही वाटली होती का अशी कार्डं?

भटक्या_नोड

हो, ३००. किल्ल्यांची फाइल अजून माझ्याकडे असेल. बघून सांगतो.

निवांत

हे बघा, मी सुरुवातीला सोडून द्या म्हणालो होतो, ते मागे घेतो. पण एका गोष्टीवर ठाम आहे. पावत्या जशाच्या तशा जाहीर करू नका. त्यावर स्वयंसेवकाचं नाव, पत्ता, फोन असतो, आणि या माणसाकडे क्रिप्टो आहे हे गावभर कळणं धोक्याचं आहे, लोकांना घरी जाऊन धमकावल्याच्या घटना झाल्यात. नाव-पत्ता झाकून तक्ता सगळ्यांसाठी, मूळ पावत्या फक्त दोन-तीन निवडलेल्या तपासनिसांकडे, असं करा.

जमाखर्च

पूर्ण सहमत. फक्त ते तपासनीस टीमने नेमायचे नाहीत, आणि त्यांच्या घरातलं कोणी टीममध्ये नको. छपाई आपल्याच भावाकडे दिली असेल तर तेही तक्त्यात लिहायचं. भावाकडे देणं पाप नाही, कदाचित स्वस्तच पडलं असेल, पण न लिहिता दिलं तर ते कायमचं चिकटतं.

आणखी एक, मानधन. घ्यायचं असेल तर घ्या, "मानधन" असंच लिहून घ्या. "इतर खर्च" या नावाखाली स्वतःच्या वेळेचे पैसे काढणं हा स्वयंसेवी कामातला मी पाहिलेला सगळ्यात सर्रास घोळ आहे, आणि बहुतेक वेळा करणारा माणूस वाईट नसतो, त्याला मागायची लाज वाटत असते.

शून्य_एक

झीकॅश या नाण्याने अहवालाची अट आधीच लिहून ठेवली होती. नोव्हेंबर २०२० पासून चार वर्षं ब्लॉकच्या कमाईतले २० टक्के विकासनिधीला, त्यातले ७ नाणं बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूला, ५ फाउंडेशनला, ८ बाहेरच्यांच्या अनुदानाला, आणि त्याच नियमावलीत दर तिमाहीला अहवाल द्यायचा असंही घातलेलं. पैसे आणि अहवालाची अट एकाच कागदावर. नाहीतर बिटकॉइन फाउंडेशनसारखं होतं, २०१२ ला सुरू झालं आणि २०१५ मध्ये मंडळावर नव्याने निवडून आलेल्या सदस्याने जाहीर केलं की संस्था जवळपास दिवाळखोर आहे. वर्गणी भरणाऱ्यांना तोवर पत्ताच नाही.

चांदणी७

सगळ्यांचे मनापासून आभार. मी काल त्या टीमला परत लिहिलं, पण यावेळी वेगळं. जुन्या खर्चाच्या पावत्या मागितल्या नाहीत. म्हटलं, आठवतं तेवढं लिहा, जिथे आठवत नाही तिथे "नोंद नाही" असं लिहा, आम्ही त्यावरून भांडणार नाही. आणि पुढच्या प्रस्तावात मी मत देण्याआधी बघणार ते सांगून टाकलं : वेगळं वॉलेट, तिघांपैकी दोघांच्या सह्या, पैसे दोन टप्प्यांत, भाव बदलला तर काय करणार ते, आणि तीन महिन्यांनी परत जाऊन मोजलेला आकडा, कितीही छोटा असला तरी. तक्ता भरायला मी स्वतः बसेन असंही लिहिलंय, नुसतं मागून उपयोग नाही. त्यांच्यातल्या एकीचं उत्तर आलंय, रविवारी बोलू म्हणाली.

भटक्या_नोड

फाइल सापडली. उशीर झाला त्याबद्दल माफ करा, जुन्या लॅपटॉपवर होती.

अहवालात मी लिहिलं होतं की ३०० जणांना नाणी दिली. घरातल्या खोक्यात त्यातली ३८ कार्डं अजून तशीच पडलेली मिळाली, म्हणजे वाटली गेली २६२. त्या २६२ पैकी नाणी उचलली ७१ जणांनी. १९१ पत्ते पहिल्या दिवसासारखेच आहेत, हात लागलेला नाही.

३८ न वाटलेल्या कार्डांतली नाणी आज फंडाच्या पत्त्यावर परत पाठवली, हॅश आमच्या प्रकल्पाच्या जुन्या प्रस्तावाखाली टाकलाय आणि ३०० पत्त्यांची यादीही. १९१ चं काय करायचं ते मला कळत नाही, ती दिलेली आहेत, माझी नाहीत आणि फंडाचीही नाहीत, कार्डावर मुदत छापलेली नव्हती. किल्ल्यांची प्रत माझ्याकडे असणं बरोबर नाही हे पटलं म्हणून ती पुसायची आहे, पण एकट्याने पुसली तर पुसली हे कोण सांगणार? शून्य_एक, जमाखर्च सर, तुमच्यापैकी कोणी व्हिडिओ कॉलवर समोर बसाल का? आणि त्याआधी माझी यादी कोणीतरी चेनशी ताडून बघा, माझ्या मोजण्यात चूक असू शकते.

शून्य_एक

यादी घेतली. आज रात्री ताडून इथेच आकडे टाकते. कॉल उद्या संध्याकाळी ठेवूया.